चांगलं हॉटेल कोणतं? पहूरच्या फाट्यावरचा न मिटणारा वाद

पहूरमध्ये निवडणुकीचा वाद निकालाच्या दिवशी मिटतो. क्रिकेटचा वाद मॅच संपली की मिटतो. पण शेवभाजी कोणाची चांगली, हा वाद आम्ही तरी आजपर्यंत मिटलेला पाहिला नाही. नमाजनंतर मशिदीबाहेर दोन मिनिटं उभं राहा, शाळेच्या स्टाफरूममध्ये मधल्या सुट्टीत बसा किंवा बाजाराच्या दिवशी पेठेत फिरा, कुठे ना कुठे हा विषय निघतोच. एक म्हणतो फाट्यावरचं हॉटेल, दुसरा म्हणतो बसस्टँडजवळचं. तिसरा म्हणतो, तुम्ही अजून जळगावच्या रस्त्याचा ढाबा खाल्लाच नाही. मग आवाज चढतात.

आपल्याकडे 'हॉटेल' म्हणजे मुक्कामाची जागा नाही, हे सांगायची गरज नाही. चार बाकडी, एक भट्टी, चहाची केटली आणि बाहेर कढई असली की ते हॉटेल. अशा हॉटेलांवरून लोक इतके का भांडतात, याचा विचार केला तेव्हा लक्षात आलं की एकाच वादात चार-पाच वेगवेगळे प्रश्न मिसळलेले असतात. एक माणूस चवीबद्दल बोलत असतो, दुसरा हलालबद्दल, तिसरा स्वच्छतेबद्दल आणि चौथा 'बायका-मुलांना घेऊन जाता येतं का' याबद्दल. प्रत्येक जण आपल्या जागी बरोबर असतो, म्हणून कोणीच हरत नाही. हे प्रश्न वेगळे करून पाहिले तर वाद मिटणार नाही, पण भांडायला मजा येईल आणि काही कामाच्या गोष्टीही हाती लागतील.

पहूरमध्येच एवढा वाद का?

याचं पहिलं कारण रस्ता. जळगावहून औरंगाबादला (आताचं छत्रपती संभाजीनगर) जाणारा रस्ता नेरी, पहूर, वाकोद, फर्दापूर असा अजिंठ्याच्या घाटाकडे जातो. पहूरला त्याला जामनेरकडचा आणि शेंदुर्णी-पाचोऱ्याकडचा रस्ता मिळतो. म्हणजे तीन-चार दिशांनी आलेली माणसं इथे गाडी थांबवतात. ट्रकवाले, एसटीचे प्रवासी, अजिंठा लेणी पाहायला निघालेली कुटुंबं, कापूस आणि केळीचे व्यापारी, सगळे इथे चहा घेतात. ज्या गावात वाटसरू थांबतो तिथे हॉटेलं वाढतात, आणि हॉटेलं वाढली की तुलना आलीच.

दुसरं कारण रेल्वेचं. पाचोरा-जामनेर ही सुमारे ५६ किलोमीटरची छोटी गाडी, आपली 'पीजे', शंभर वर्षांहून जास्त काळ शेंदुर्णी आणि पहूरवरून धावली. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये ती थांबली. आता हा मार्ग ब्रॉडगेज करायचं काम हाती घेतलं आहे. गाडीच्या वेळेवर चहा-भजी विकणाऱ्यांचा धंदा तेव्हाच बसला आणि गिऱ्हाईक सगळं रस्त्याकडे सरकलं. आजचा वाद बहुतेक 'हायवेवरच्या' हॉटेलांचाच असतो, तो यामुळे.

तिसरं कारण आपल्या मुलखाचा इतिहास. १३८२ ते १६०१ या काळात खान्देशावर फारूकी सुलतानांचं राज्य होतं. 'खान' या त्यांच्या किताबावरून खान्देश हे नाव पडलं, असं अनेक इतिहासकार मानतात. त्यांनी वसवलेलं बुऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात आहे, पण जायक्याच्या नकाशात ते अजून आपलंच आहे. खुलदाबादचे सूफी हजरत बुऱ्हानुद्दीन गरीब यांच्या नावावरून त्या शहराला नाव मिळालं. म्हणजे आपल्या उत्तरेला बुऱ्हाणपूर आणि दक्षिणेला औरंगाबाद-खुलदाबाद, आणि मधल्या रस्त्यावर आपण. एका बाजूने मांडे आणि मावा जिलेबी आली, दुसऱ्या बाजूने नान-खलिया आला, आणि शेतातून ज्वारी, उडीद, वांगी, मिरची. अशा गावात जेवणावर एकमत कसं होणार?

शेवभाजी: एकच नाव, दहा चवी

आधी शेवभाजी घेऊ, कारण निम्मा वाद तिचाच आहे. बाहेरच्या माणसाला वाटतं, रश्श्यात शेव टाकली की झाली शेवभाजी. तसं नाही.

पहिला फरक शेवेत असतो. भाजीची शेव ही चिवड्याच्या बारीक शेवेपेक्षा जाड आणि कडक लागते. बेसनात ओवा, तिखट, हळद आणि गरम तेलाचं मोहन घालून ती तळतात. सोडा जास्त झाला की शेव हलकी होते आणि रश्श्यात पडताच विरघळते. भाजीचा लगदा झाला असं आपण म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा दोष शेवेचा असतो किंवा वेळेचा. चांगला आचारी ताट मांडल्यावरच रश्श्यात शेव सोडतो. दुपारी बाराला केलेली शेवभाजी तीन वाजता मागितली तर नवाबाचा आचारी आणला तरी ती जमणार नाही.

दुसरा फरक वाटणात. कांदा आणि सुकं खोबरं विस्तवावर काळसर भाजून, त्यात लसूण, आलं, कोथिंबीर घालून वाटलं की एक चव येते. तेच कच्चं वाटून तेलात परतलं की दुसरी. तिसरा फरक काळ्या मसाल्याचा. धने, जिरे, लवंग, मिरी, दालचिनी, तमालपत्र, दगडफूल यांचं प्रमाण घराघरात वेगळं, मग हॉटेलात एकसारखं कसं राहील? काही हॉटेलवाले वर्षाचा मसाला उन्हाळ्यात घरी करून ठेवतात, काही दर आठवड्याला दुकानातून पाकीट आणतात. जीभ हा फरक ओळखते, फक्त कारण सांगता येत नाही.

चौथा फरक तर्रीचा. वर तरंगणारं लाल तेल पाहून आपण खूश होतो. पण लाल रंग म्हणजे तिखट आणि तिखट म्हणजे चव, असं काही नाही. चांगल्या मिरचीचा रंग तेलात हळूहळू उतरतो आणि बोटाला लागला तर साबणाने निघतो. जो रंग जेवल्यानंतर दोन दिवस बोटांवर राहतो, तो मिरचीचा आहे का, हे आचाऱ्याला विचारायला हरकत नाही.

म्हणून कोणी 'त्याची शेवभाजी भारी' म्हटलं की आधी विचारावं, कधी खाल्ली? सकाळी की रात्री? गर्दीत की निवांत? निम्मे वाद इथेच सुटतील.

हॉटेलला न जमणाऱ्या गोष्टी

खान्देशची खरी ओळख असलेल्या काही पदार्थांना हॉटेलच्या भट्टीवर न्याय मिळत नाही, हेही मान्य करावं लागेल. भरीत त्यातलं पहिलं. जळगाव जिल्ह्याच्या भरताच्या वांग्याला जीआय मानांकन मिळालं आहे. हिरवट, मोठं, कमी बियांचं हे वांगं पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांच्या जाळावर भाजलं की जो धुरकट वास येतो, तो गॅसवर येत नाही. मग हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात आणि वर तेल. हिंदू शेजाऱ्यांकडे चातुर्मासात वांगं खात नाहीत आणि चंपाषष्ठीला भरीत-भाकरीचा नैवेद्य असतो. त्यामुळे भरताचा खरा हंगाम हिवाळ्याचा. आपल्या घरांतही हिवाळ्यात शेतावरच्या भरीत पार्टीचं आमंत्रण येतंच, आणि तिथे कोण कोणत्या मोहल्ल्याचा हे कोणी विचारत नाही. मे महिन्यात हॉटेलात भरीत मागायचं आणि मग नावं ठेवायची, हा हॉटेलवाल्यावर अन्याय आहे.

कळण्याच्या भाकरीचंही तसंच. ज्वारीत अख्खे उडीद घालून दळलेलं पीठ, हातावर थापलेली भाकरी. ती तव्यावरून ताटात आली तरच तिला चव. ज्या हॉटेलात भाकरी करायला एक बाई खास बसलेली असते, तिथे भाकरी चांगली मिळते. हा नियम आम्ही कधी चुकलेला पाहिला नाही.

मांड्यांची गोष्ट तर मजेशीर आहे. खान्देशात हिंदू घरांत मांडे म्हणजे हातावर फिरवून मोठी केलेली, उपड्या खापरावर भाजलेली पुरणाची पोळी. बुऱ्हाणपूरच्या मुस्लिम दावतीत मांडा म्हणजे तशीच हातावर फिरवून, उपड्या कढईवर भाजलेली रुमालासारखी पातळ रोटी, तीही सालनासोबत. शब्द एक, हाताची करामत एक, फक्त एकीकडे आत पुरण आणि दुसरीकडे बाजूला गोश्त. 'मांडे आमचेच' असं दोन्हीकडचे म्हणतात, आणि दोन्हीकडचे खरंच बोलतात.

बिर्याणीचा वाद

आपल्या समाजातला सगळ्यात गरम वाद अर्थातच बिर्याणीचा. रस्त्याच्या कडेला 'दम बिर्याणी' असा बोर्ड दिसला की गाडी थांबते. पण दम म्हणजे काय, हे एकदा समजून घ्यायला हवं. कच्च्या बिर्याणीत मसाला लावलेलं गोश्त कच्चंच तळाला ठेवतात, त्यावर अर्धवट शिजलेला तांदूळ पसरून झाकण कणकेने बंद करतात आणि मंद आचेवर दोन्ही एकत्र शिजवतात. पक्क्या बिर्याणीत गोश्त आधी शिजवून घेतात, मग थर लावून दम देतात. दोन्ही खऱ्या. पण बऱ्याच ठिकाणी रंगीत भात वेगळा, रस्सा वेगळा, आणि ऑर्डर आली की ताटात एकावर एक. ती बिर्याणी नाही, तो मसालेभात आहे. वाईट नसेल, पण नाव चुकलं.

ओळखायची सोपी खूण आहे. तळाचा भात काढून बघा. त्याला गोश्ताचा रस लागलेला असेल आणि वरचा भात पांढरा-सुटा असेल तर दम दिलेला आहे. सगळा भात वरपासून खालपर्यंत एकसारखा पिवळा असेल तर डब्यातला रंग बोलतोय.

औरंगाबादच्या नान-खलियाबद्दल सांगतात की चौदाव्या शतकात मुहम्मद बिन तुघलकाने राजधानी दौलताबादला आणली, तेव्हा लष्करासाठी एकदम मोठ्या प्रमाणावर करता येईल असं हे जेवण रुजलं. तंदूरमधली पिवळसर नान आणि मोठ्या देगेतला पातळ खलिया. आजही तो मोठ्या देगेतच चांगला लागतो. चार माणसांसाठी केला की काहीतरी कमी पडतं. म्हणून लग्नातला खलिया आणि हॉटेलातला खलिया यांची तुलना करू नये. आणखी एक बदल लक्षात घ्यायला हवा. महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गायीच्या कत्तलीवर बंदी होतीच, २०१५ पासून बैल आणि वळूही त्यात आले. म्हैस या बंदीत नाही. त्यानंतर खलियाची देग बदलली आणि भावही बदलले. जुने लोक 'आता ती बात नाही' म्हणतात त्याला आचारी एकटा जबाबदार नाही.

एक अनुभवाचा नियम सांगतो. मेनूकार्ड जितकं लांब, तितका फ्रीज मोठा. मुंबईत भेंडीबाजारचं नूर मोहम्मदी हॉटेल १९२३ पासून चालू आहे आणि लोक तिथे नल्ली निहारीच्या नावाने जातात. हैदराबादच्या हलीमला २०१० मध्ये जीआय मानांकन मिळालं, ते एका पदार्थावर पिढ्यान्‌पिढ्या घेतलेल्या मेहनतीमुळे. आपल्या रस्त्यावरच्या ज्या हॉटेलात शेवभाजी, डाळ, भाकरी आणि एखादा गोश्ताचा पदार्थ एवढंच मिळतं, तिथे माल रोज संपतो आणि रोज ताजा येतो. जिथे चायनीज, पंजाबी, साउथ इंडियन आणि बिर्याणी सगळं एकाच कार्डावर आहे, तिथे थोडं जपून.

हलालचा प्रश्न: बोर्ड वाचायचा की विचारायचं?

आता जरा नाजूक मुद्दा. आपल्यातले बरेच जण प्रवासात शाकाहारी हॉटेलात जेवतात, कारण गोश्त हलाल आहे की नाही याची खात्री नसते. हा एहतियात चांगलाच आहे. पण आपल्या भागातली एक जुनी गोष्ट नव्या पिढीला माहीत नाही. महाराष्ट्राच्या गावगाड्यात बलुतेदारांमध्ये अनेक ठिकाणी मुलाणा असायचा. गावात बकरा कापायचा तर तो मुलाण्याच्या हातून. हिंदू घरच्या जेवणाचा बकराही तोच हलाल करायचा. त्यामुळे मालक हिंदू आहे म्हणून गोश्त हलाल नसेल, असं गृहीत धरणं आपल्या मुलखात पूर्वीपासूनच बरोबर नव्हतं. आणि मालक मुस्लिम आहे म्हणून चौकशीची गरज नाही, हेही बरोबर नाही. फ्रोझन चिकनच्या पाकिटाला मालकाच्या नावाने काही फरक पडत नाही.

मग करायचं काय? साध्या शब्दांत, अदबीने विचारायचं: 'दादा, चिकन-मटण कुठल्या दुकानातून आणता?' प्रामाणिक हॉटेलवाला दुकान सांगतो. गावात ते दुकान कोणाचं, हे आपल्याला माहीतच असतं. जो उत्तर द्यायला टाळाटाळ करतो, तिथे शेवभाजी आणि भाकरी आहेच. दुसरा प्रश्न दारूचा. जिथे परमिट रूम आणि जेवणाची खोली एकच आहे, तिथे कुटुंब घेऊन न बसलेलं बरं.

हा प्रश्न अलीकडे राजकारणातही ओढला गेला आहे. जुलै २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात कावड यात्रेच्या मार्गावरच्या हॉटेलवाल्यांनी मालकांची नावं बाहेर लावावीत असे आदेश निघाले. २२ जुलै २०२४ रोजी सुप्रीम कोर्टाने त्यांना स्थगिती दिली. कोर्टाचं म्हणणं थोडक्यात असं की, कोणतं जेवण मिळतं हे सांगायला लावता येईल, मालक-नोकरांची नावं लावायची सक्ती करता येणार नाही. मार्च २०२५ मध्ये आपल्या राज्यात हिंदू खाटकांच्या झटका मटणाच्या दुकानांसाठी 'मल्हार सर्टिफिकेशन' जाहीर झालं.

कोणी काय खावं हा ज्याचा त्याचा हक्क आहे. आपण हलाल विचारतो, तसं कोणी झटका विचारलं तर त्यात रागावण्यासारखं काही नाही. पण जेवणाची चौकशी वेगळी आणि माणसाचं नाव पाहून त्याच्या धंद्यावर बहिष्कार टाकणं वेगळं. हा फरक आपणही पाळायला हवा. 'अमक्याच्या हॉटेलात जाऊ नका' असा मेसेज आपल्या ग्रुपवर फिरतो, तेव्हा त्यात जेवणाबद्दल काही लिहिलंय की फक्त नावाबद्दल, एवढं पाहावं.

हलालसोबतचा दुसरा शब्द: तय्यब

सूरह अल-बकरामध्ये खाण्याच्या संदर्भात हलाल आणि तय्यब हे दोन शब्द जोडीने येतात. तय्यब म्हणजे पाक, स्वच्छ, चांगलं. आपण पहिल्या शब्दावर तासभर वाद घालतो आणि दुसरा विसरून जातो. भांडी एकाच काळ्या पाण्याच्या टबात बुडवून काढणाऱ्या हॉटेलातलं चिकन हलाल असेल, तय्यब नक्कीच नाही.

इथे कायदाही आपल्या बाजूने आहे. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ चा आहे. चहाच्या टपरीपासून मोठ्या हॉटेलपर्यंत प्रत्येकाला नोंदणी किंवा परवाना लागतो. त्यावर १४ अंकी नंबर असतो आणि तो गिऱ्हाईकाला दिसेल असा लावायचा असतो. पुढच्या वेळी गल्ल्यामागच्या भिंतीवर नजर टाका.

दुसरी गोष्ट तेलाची. तेच तेल पुन्हा पुन्हा तापवलं की त्यात घातक घटक वाढतात. जुलै २०१८ पासूनच्या नियमानुसार ते, म्हणजे टोटल पोलर कंपाउंड्स, २५ टक्क्यांपेक्षा जास्त झाले तर ते तेल वापरता येत नाही. आपल्याकडे मोजायचं यंत्र नसतं, पण डोळे आणि नाक असतं. तेल काळपट, चिकट, फेसाळ झालं असेल आणि कढईजवळ डोळे चुरचुरत असतील, तर भजी नको. तिसरी गोष्ट वर्तमानपत्राची. छापील कागदात खाद्यपदार्थ गुंडाळायला मनाई आहे, कारण शाई पदार्थात उतरते. गरम भजी पेपरात घेण्याची आपली सवय जुनी असली तरी सोडण्यासारखी आहे. घरून डबा नेला तर हॉटेलवाल्याचा कागदही वाचतो.

गंभीर तक्रार असेल तर ती अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते. पण त्याआधी मालकाला एकट्याला बाजूला घेऊन सांगून पाहावं. गावातला माणूस आहे, बहुतेक वेळा ऐकतो.

या वादात बायका कुठे आहेत?

एक गोष्ट आमच्या लक्षात फार दिवसांपासून आहे. चांगलं हॉटेल कोणतं, या चर्चेत सगळे आवाज पुरुषांचे असतात. घरात रोज मसाला वाटणाऱ्या, कोणत्या भाजीत काय कमी पडलं हे वासावरून ओळखणाऱ्या आपल्या अम्मी, खाला, आपा यांना कोणी विचारत नाही, कारण त्या त्या हॉटेलात कधी बसलेल्याच नसतात. त्यांच्यापर्यंत पोचतं ते पार्सल, तेही थंड झालेलं.

याचं कारण परदा एवढंच नाही. बहुतेक छोट्या हॉटेलांत बायकांना बसायला नीट जागा नसते आणि वापरता येईल असं स्वच्छतागृह नसतं. आमच्याच प्रवासात एका ठिकाणी 'फॅमिली रूम' म्हणून जी खोली दाखवली, तिथे कांद्याची पोती रचलेली होती. जळगावहून औरंगाबादला दवाखान्यासाठी निघालेली बाई रस्ताभर पाणी पीत नाही, कारण मध्ये उतरायची सोय नाही. ज्या हॉटेलवाल्याने एक स्वच्छ संडास, आत पाणी आणि दाराला कडी एवढं केलं, त्याच्याकडे कुटुंबं आपोआप थांबतात. आम्हाला विचाराल तर हॉटेलला मार्क देताना निम्मे मार्क इथे ठेवायला हवेत.

ग्लास धुणारा मुलगा

शिक्षक म्हणून आणखी एक प्रश्न यात घालावासा वाटतो, जो या वादात कधीच कोणी विचारत नाही. टेबल पुसणारा, ग्लास धुणारा मुलगा कोण आहे? वय किती? आज शाळा असताना तो इथे कसा?

ढाबे, हॉटेलं आणि चहाच्या टपऱ्यांवर चौदा वर्षांखालच्या मुलांना कामाला ठेवायला १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे. २०१६ च्या दुरुस्तीने ही बंदी जवळपास सगळ्याच कामांना लागू झाली. घरच्या धंद्यात शाळा सुटल्यावर हातभार लावण्याएवढीच सूट आहे. नियम मोडणाऱ्या मालकाला सहा महिने ते दोन वर्षं कैद किंवा वीस ते पन्नास हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. मदतीसाठी १०९८ हा नंबर आहे.

पण कायद्याआधी आपली नजर आहे. आठवीच्या हजेरीपटावर एखाद्या मुलाच्या नावापुढे आधी दोन दिवस, मग दोन आठवडे गैरहजेरी लागते, आणि नंतर कळतं की तो हायवेवर कप उचलतोय. घरात वडील आजारी, बहिणीचं लग्न, कर्ज, कारणं खरी असतात. म्हणून नुसतं मालकाला दटावून भागत नाही. त्या घरापर्यंत जावं लागतं. जकात आणि सदक्याचा पैसा आपल्या मोहल्ल्यात निघतो, त्यातला काही भाग अशा एका मुलाची फी, वह्या आणि घरचा किराणा यासाठी गेला, तर तो पुन्हा वर्गात बसू शकतो. ज्या शेवभाजीच्या ताटामागे एखाद्या मुलाची शाळा सुटलेली आहे, ती कितीही झणझणीत असली तरी तिला पहिला नंबर कसा द्यायचा?

वाद घालायचा, पण कसा?

सहीह बुखारीत नोंद आहे की हुजूर (स.) जेवणाला कधी नावं ठेवत नसत. आवडलं तर घेत, नाही तर बाजूला ठेवत. मग हॉटेलांवर बोलायचंच नाही का? उलेमा यात फरक करतात. समोर आलेल्या अन्नाची हेटाळणी करणं ही एक गोष्ट. तिथलं पाणी घाण आहे, लोक आजारी पडतायत, हे दुसऱ्याचं नुकसान टळावं म्हणून सांगणं ही वेगळी गोष्ट. 'मला तिखट जास्त वाटलं' हे मत आहे. 'त्याचं सगळं बकवास आहे' ही हेटाळणी आहे. 'काल खाल्लेलं शिळं होतं' ही माहिती आहे, पण ती आपण स्वतः अनुभवलेली असेल तरच.

सूरह अल-हुजुरातमध्ये आलेली खबर तपासून घ्यायची तालीम आहे. मोबाइलवर आलेला व्हिडिओ कोणत्या गावचा, किती जुना, कोणी टाकला, हे न पाहता पुढे पाठवला तर कोणाची तरी भट्टी विझते. त्या भट्टीवर पाच-सहा घरं चालतात: आचाऱ्याचं, भाकरी करणाऱ्या बाईचं, दूधवाल्याचं, भाजीवाल्याचं. त्यांत आपली घरं असतात, शेजाऱ्यांचीही असतात.

तर पुढच्या वेळी वाद निघाला की हे प्रश्न एकेक करून विचारा. चव कशी आणि कोणत्या वेळची? गोश्त कुठून येतं? पाणी, तेल, भांडी कशी? घरच्या बायकांना घेऊन बसता येतं का? काम करणारा मुलगा शाळेच्या वयाचा तर नाही? पाचही प्रश्नांत पास होणारं हॉटेल सापडलं तर मालकाला तसं तोंडावर सांगा, आणि चार लोकांनाही सांगा. तक्रार सांगायला आपण पुढे असतो, तारीफ मात्र मनातच ठेवतो.

आमचं मत विचाराल तर शेवभाजी हॉटेलची, तीही दुपारी बाराच्या आत, सोबत कळण्याची भाकरी आणि कच्चा कांदा. भरीत शेतातलं, हिवाळ्यात. खलिया लग्नाच्या देगेतला. आणि बिर्याणी घरचीच. यावर आमच्या स्टाफरूममध्येच एकमत नाही, त्यामुळे तुमचंही नसेल तर बिनधास्त सांगा.

अल्लाह सगळ्यांच्या रिज्कमध्ये बरकत देवो. आमीन.